तीन मुक्या पट्ट्या

१

पायपेटीवरचं काळं कापड निघालं तेव्हा चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

लोहाऱ्याच्या मिशन आवारातली ही रीत जुनी होती. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी शेवटचं गीत झालं की पेटीवर काळं कापड पडायचं. शुक्रवार, शनिवार ती मुकी. ईस्टरच्या पहाटे, दारं उघडून उजेड आत आला की पहिला सूर तिचाच. कुण्या मिशनऱ्यानं सोलापूर स्टेशनावरून बैलगाडीत घालून आणलेली ती पेटी पायानं भाता मारून वाजवायची होती. मंडळी तिला ऑर्गन म्हणायची, पण प्रेमानं बोलताना पेटीच.

जयवंत मास्तरांनी पाय हलवले. भाता भरला. उजवा हात वरच्या टोकाकडं गेला आणि सुराऐवजी नुसता वारा आला. फुस्स.

त्यांनी दुसरी पट्टी दाबली. फुस्स. तिसरी. फुस्स.

मागच्या बाकावर बसलेल्या शांतवनकाकांनी पटकन पाय बाकाखाली ओढून घेतले. तालुक्याच्या वाचनालयात जन्मभर पुस्तकं दिली-घेतली, पण कुठलीही गोष्ट बिघडली की ती आपल्यामुळंच बिघडली असं त्यांना आधी वाटायचं.

पेटीची मागची फळी काढली. प्रत्येक पट्टीमागं पितळेची एक बारीक जीभ असते, वारा लागला की ती वाजते. तिला रीड म्हणतात. तीन खाचा रिकाम्या होत्या. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या, एक काळीची. गंमत अशी की त्यांच्या मधली एक पांढरी पट्टी मात्र ठणठणीत वाजत होती.

"चोरी," कमिटीचे अध्यक्ष आण्णासाहेब म्हणाले. महसूल खात्यात नोकरी झालेली, त्यामुळं त्यांचा एक शब्दही शिक्का मारल्यासारखा पडायचा.

"सणाचं गीत काळी पाचच्या उंच सुरातून होणार नाही आता," मास्तर मान खाली घालून म्हणाले. "खालून घेऊ. काळी तीन."

आणि त्यांनी घेतलं. बोटं अडखळली नाहीत. पुढं उभ्या मार्थाबाईंनी गळ्याभोवतीचा रुमाल सैल केला आणि गीत सुरू झालं. या आवारात ईस्टरचा हालेलूया म्हणजे मार्थाबाईंचाच आवाज, पोरवयापासूनचा. आज तो खालून आला, भरीव आला. शांतवनकाकांना एकदम कळलं की आपणही गुणगुणतोय. ते दचकले आणि गप्प झाले. चर्चमध्ये ते कधीच गात नसत, त्यांचा गळा तेवढा वर जातच नसे.

भक्ती संपताच आण्णासाहेब पायरीवर उभे राहिले. "गुरुवारी पेटी वाजली. आज वाजत नाही. मधल्या दिवसांत चर्चची किल्ली कुणाकडं होती?"

सगळ्यांच्या माना आवाराच्या फाटकाकडं वळल्या. तिथं राखणदार बिरदेव आपली शेळी सोडवत होता.

"येत्या रविवारी भक्तीनंतर कमिटी बसेल," आण्णासाहेब म्हणाले. "रीड मिळाल्या नाहीत तर त्यानं आवारातली खोली खाली करायची."

गर्दी पांगल्यावर नवे पाळकसाहेब शांतवनकाकांजवळ आले. "काका, तुम्ही रहस्यकथा फार वाचता म्हणे. जरा बघता का?"

"वाचतो," काका म्हणाले. "पण शेवटच्या पानापर्यंत मला कधी काही कळत नाही हो, साहेब."

२

दुसऱ्या दिवशी ते घरातून निघाले, कुलूप ओढून बघायला परत आले, पुन्हा निघाले आणि चष्मा विसरला म्हणून आणखी एकदा परतले. मिशन आवारात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

"सलाम, काका," बिरदेवनं बाज पुढं केली. "बसा. तुमीबी इचारा. सगळ्यांनी इचारलं, तुमीच ऱ्हायला होता."

"मी फक्त..."

"म्या धनगराचा गडी. बारा वर्सं हितं हाय. पितळच चोरायचं आसतं तर वर घंटा हाय की मनभराची! ती सोडून काडीयेवढं पितळ नेऊ व्हय? इकून चहाबी येनार न्हाय त्याचा."

शांतवनकाकांना हे पटलं. पण आपल्याला सगळंच पटतं, हाही अनुभव होता.

"किल्ली कुणाला दिली होतीत का?"

"सनाआदीच्या उपासाच्या चाळीस दिसांत कोन मागंल त्याला उगडून देतो. मास्तर येत्यात, पोरी येत्यात गान्याला. त्ये तुळजापूरचं पेटीवालं आलं हुतं भात्याचं कातडं लावाय. पर गुरवारपास्नं कुनाला न्हाय. पाळकसायबच म्हनले हुते, बंद ऱ्हाऊ दे."

आतून त्याची बायको कोंडाबाई दुधाची चरवी घेऊन आली. दोन शेळ्यांवर तिचं घर चालायचं आणि आवाराच्या आसपासची दोन-चार घरं तिची गिऱ्हाइकं होती.

"आवं, ते काय सोडवनार हायेत," ती नवऱ्याला म्हणाली, काका समोरच असताना. "त्यांना सोताची चप्पल सापडत न्हाय. काल पाळकसायबाची घालून गेलते."

शांतवनकाकांनी पायांकडं पाहिलं. चप्पल आज त्यांचीच होती.

"जाऊ दे, राग नगा मानू," ती जरा नरमली. "मला आपलं वाईट वाटतं. तुमचा सन कसा ग्वाड आसतो. औंदा तर लई आदीपास्नं तयारी हुती. मास्तरांकडं दूध घालाय गेलं की दुपारचं दार लावून त्ये सनाचं गानं चालू आसायचं. आन ऐन सनाला ह्ये आसं."

"हो ना," काका म्हणाले. त्यांचं लक्ष शेळीकडं होतं. ती त्यांच्या पिशवीतलं पुस्तक चावत होती.

"आन खोली गेली तर जायाचं कुटं?" कोंडाबाईनं विचारलं. "गावाकडचं घर दिराच्या ताब्यात. शेळ्या घिऊन कोन भाड्यानं घेतंय? सांगा की, तुमी शिकल्यालं हाय."

काका पिशवी उचलून उठले. बाजेवर तिनं ठेवलेला चहा गार झाला होता आणि पुस्तकाचं शेवटचं पान शेळीच्या पोटात गेलं होतं.

३

गायनमंडळातल्या तरुण पोरी राजनंदिनीच्या हाताखाली गायच्या. ती शाळेत शिकवायची आणि गेली काही वर्षं पेटी काढून कीबोर्ड घ्या म्हणून कमिटीच्या मागं लागली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. तिनंही लपवलं नाही.

"पेटी मारायचीच असती ना काका, तर भात्याला एक ब्लेड पुरलं असतं," ती शाळेच्या फाटकाशी उभी राहून म्हणाली. "तीन रीड काढून काय होतं? पट्टी खाली गेली. आणि पट्टी खाली गेली तर नुकसान माझंच. माझा आवाज वरचा. मी किती वर्षांपासून वाट बघतेय की कधीतरी तो हालेलूया मला मिळेल."

"मार्थाबाईंना विचारलं नाहीस?"

"त्यांना कोण विचारणार? देवाला विचारणं सोपं." ती हसली, मग गंभीर झाली. "बिरदेवमामानं केलं नसणार हो. पण गुरुवारी मास्तरांनी पेटी वाजवली ती मी पण ऐकलीय. चांगली वाजली."

"गुरुवारी कोणती गीतं होती?"

"उपवासकाळातलीच. सगळी रडवी, सगळी खालची. चाळीस दिवस मास्तरांचा उजवा हात पेटीच्या मधोमध झोपलेला असतो. वरच्या टोकाला फक्त आपलं सणाचं गीत जातं. आणि ते ईस्टरच्या आधी म्हणायचं नाही. तालमीतसुद्धा नाही, माझी आजी चिमटा काढायची."

शांतवनकाका रस्त्यात उभेच राहिले. एका जीपवाल्यानं हॉर्न वाजवून त्यांना बाजूला केलं.

चाळीस दिवस वरच्या पट्ट्यांना कुणाचं बोट लागलंच नव्हतं! मग गुरुवारी पेटी वाजली याचा अर्थ गुरुवारी ती पूर्ण होती असा होत नव्हता. रीड कधीही गेल्या असतील. सगळी मंडळी, ते स्वतः धरून, एकच चूक करत होती. रीत इतकी अंगात मुरली होती की ती कुणाला दिसतच नव्हती.

ते जवळजवळ पळतच आण्णासाहेबांकडं गेले. धाप लागली होती, तरी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शेवटच्या पानाआधी काहीतरी कळलं होतं.

आण्णासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे चोरी उपवासकाळात कधीही झाली असेल."

"हो!"

"आणि त्या सगळ्या काळात किल्ली कुणाकडं होती?"

काकांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"बिरदेवकडं," आण्णासाहेब म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं त्याला दोनच दिवस मिळाले."

४

आपण बोललो नसतो तर बरं, हे वाक्य घोकत शांतवनकाका दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या एसटीत बसले. बस भाविकांनी भरलेली होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर परडी होती, ती सारखी त्यांच्या बरगडीला लागत होती, आणि सरकायला जागा नव्हती.

पेटी दुरुस्त करणाऱ्या वैजनाथचं दुकान देवळाच्या उतारावर होतं. भजनी मंडळांच्या हातपेट्या आडव्यातिडव्या उघडून ठेवलेल्या होत्या. माणूस गडगडाटी होता.

"या की! तुमच्या त्या म्हातारीला मीच कातडं लावलंय. काय झालं, पादायला लागली परत?"

काकांनी चाचरत सांगितलं. रीड गेल्यात, तीन.

"आणि तुम्ही माझ्याकडं आलाय म्हणजे मी नेल्या," वैजनाथ मोठ्यानं हसला. "अहो, हातपेटीची रीड स्क्रूनं बसते, तुमच्या पेटीची खाचेत सरकते. माझ्या एकाही पेटीला ती लागणार न्हाय. मी काय लोणचं घालू तिचं? बरं, खाचेच्या लाकडाला ओरखडे होते का?"

"नाही. मी बघितलं. स्वच्छ होत्या खाचा."

"मग आकडीनं ओढल्यात. रीड काढायची तारेची आकडी पेटीच्या मागंच टांगलेली असते. नवखा माणूस ओढायला लागला की लाकूड सोलतंच. म्हणजे हात जाणता हाय. कोणत्या गेल्या, दाखवा."

समोरच्या पेटीवर काकांनी बोटानं दाखवलं. ही पांढरी, ही काळी. ही मधली पांढरी सोडून पुढची पांढरी.

वैजनाथ हसायचा थांबला. त्यानं त्या पट्ट्या सावकाश दाबल्या, मग पुन्हा. "मधली ठेवली? चोर असा चोरतो व्हय? पितळ हवं तर खालच्या मोठ्या रीड नेईल. खोडी काढायची तर हाताला येईल ते उपटेल. ह्यानं निवडून काढल्यात. तुमचं ते सणाचं गाणं काळी पाचमधून म्हणता ना? मग वरच्या अंगाला ह्याच तीन लागत असणार. मधली त्यात येतच न्हाय."

"म्हणजे फक्त ते एक गीत अडवायचं होतं?"

"अडलं का?"

"नाही. मास्तरांनी खालून घेतलं. काळी तीन."

"लगेच?" वैजनाथनं भुवया वर केल्या. "जन्मभर काळी पाचमधून वाजवलेलं गाणं उभ्या उभ्या काळी तीनमधून? सगळी बोटं बदलतात, काका. मी तर दहादा चुकलो असतो."

परतीच्या बसमध्ये शांतवनकाकांना बसायला जागा मिळाली, तरी त्यांना बसवेना. मास्तरांची बोटं अडखळली नव्हती. म्हणजे त्यांनी सराव केला होता. पण कधी? त्या गीताला ईस्टरच्या आधी कुणी हात लावत नाही.

आणि मग त्यांना शेळी आठवली. शेळीमागून कोंडाबाईचा आवाज आठवला, दुपारचं दार लावून.

५

"व्हय, त्येच गानं," कोंडाबाई म्हणाली आणि चरवी खाली ठेवून तिनं ते गुणगुणून दाखवलं. थेट हालेलूयापर्यंत. "शिमग्याच्या आदीपास्नं. का वं? म्हनू नाय व्हय?"

तिला कोण सांगणार होतं? तिच्या लेखी सण म्हटला की आधी तालीम आलीच.

जयवंत मास्तरांचं घर दोन खोल्यांचं होतं. कोपऱ्यात हातपेटी, तिच्यावर विणलेला रुमाल. शांतवनकाका उंबऱ्याशी घुटमळले.

"मास्तर, माझं चुकत असेल. बहुतेक चुकतच असेल. पण ज्यानं रीड काढल्या त्याला गीत बंद पाडायचं नव्हतं. ते खाली आणायचं होतं. खाली आणल्यानं फायदा कुणाचा, तर ज्याला वर जाता येत नाही त्याचा. माझा झाला, पण मी काढलेल्या नाहीत. हात जाणता होता. आणि तुम्ही ते गीत उपवासकाळात इथं वाजवत होतात. खालून." ते उंबऱ्यावरच टेकले. "मी चुकतोय असं सांगा ना."

मास्तरांनी कपाटातून चष्म्याची डबी काढली. आत कापसावर तीन पितळी काड्या होत्या.

"नाताळात मार्थाबाईंचा आवाज वर फाटला," ते म्हणाले. "त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. सगळ्यांनी मानलं. मी पेटीवर होतो, मला नाही मानता आलं. इतकी वर्षं त्यांच्या गळ्याला साथ केली. ईस्टरला, भरल्या चर्चमध्ये तसं झालं असतं तर त्या पुन्हा उभ्या राहिल्या नसत्या."

"नुसतं खालून घेऊ म्हणाला असतात तर?"

"आण्णासाहेब 'का?' म्हणून विचारणार. काळी पाच मिशनऱ्यांच्या वेळची. उत्तर काय देऊ? मला वाटलं, पेटी जुनी आहे, उंदरांवर जाईल."

"उंदीर पितळ खातात, मास्तर?"

"मला काय माहीत हो! मी गाण्याचा मास्तर."

न राहवून काका हसले, मग लाजले. "मधली पांढरी का ठेवलीत? तिच्यामुळं कळलं."

मास्तरांना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "तिचं त्या गीतात काही काम नव्हतं. उगाच कशाला काढायची?"

बाहेर एक जीप लोक कोंबून गेली.

"बिरदेव सामान बांधतोय," काका म्हणाले.

"ठाऊक आहे. रोज उठतो, सांगायला म्हणून निघतो आणि फाटकावरून परत येतो. मी काढल्या म्हटलं की पुढचा प्रश्न 'का'. मला खोटं रचता येत नाही, आणि खरं माझं एकट्याचं नाही."

"रविवारपर्यंत, मास्तर. नाहीतर मग मला बोलावं लागेल."

"तुम्ही? चार माणसांत?"

"हो," शांतवनकाका म्हणाले आणि चप्पल उलटी घालून बाहेर पडले.

६

रविवारी फाटकाशी एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी आणि गळ्यात दावं बांधलेल्या दोन शेळ्या होत्या. जीपवाला घाई करत होता.

"थांब जरा," कोंडाबाई त्याला म्हणाली. "आमाला हाकलायचं काम चाललंय आत. निवांत हुतंय ते."

आत भक्ती संपली. आण्णासाहेब उठले. "रीड मिळालेल्या नाहीत. ठरल्याप्रमाणं बिरदेवनं आज खोली सोडायची. कुणाला काही म्हणायचंय?"

शांतवनकाकांनी पेटीकडं पाहिलं. मास्तर गुडघ्यांवर हात दाबून बसले होते. उठत नव्हते. पुस्तकांत या जागी तपासणारा माणूस खोलीच्या मधोमध उभा राहतो आणि एकेक धागा उलगडतो. काका मागच्या बाकावरून उठले. आपलं उठणं बाकाच्या करकरीसकट सगळ्यांना ऐकू गेलं असं त्यांना वाटलं.

"मला," ते म्हणाले. सगळी तोंडं त्यांच्याकडं वळली. मार्थाबाईंचंही. त्या चेहऱ्यासमोर ते वाक्य कसं उच्चारायचं?

"बसा, शांतवन," जयवंत मास्तर म्हणाले. ते उभे राहिले होते. चष्म्याची डबी त्यांनी वेदीच्या पायरीवर ठेवून उघडली. "मी काढल्या होत्या. बिरदेवचा काही संबंध नाही."

आण्णासाहेब डबीकडं बघतच राहिले. "तुम्ही? का?"

मास्तरांनी डबी पायरीच्या मधोमध सरकवली.

"मास्तर, सगळी मंडळी विचारतेय. का?"

मास्तरांचे डोळे खाली. शांतवनकाकांच्या मनात आलं, आता ह्यांची पेटी काढून घेतील, आणि हे तरीही बोलणार नाहीत.

"माझ्यासाठी," मार्थाबाई म्हणाल्या.

गळ्याचा रुमाल त्यांनी पूर्ण सोडला होता. "माझा गळा वर जात नाही आता. त्या पहाटे मास्तरांनी काळी तीन धरली आणि एकदाही अडखळले नाहीत, तेव्हाच मला कळलं. ह्यांची बोटं मला माझ्या बोटांइतकी माहीत आहेत. कळूनही मी आठवडाभर गप्प बसले. लोक म्हणतील मार्थाबाई संपल्या, म्हणून. आणि बाहेर त्या बाईची ट्रंक बांधून झाली." त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो लपवला नाही. "मास्तरांनी पितळ घेतलं. मी त्या दोघांचं घर घ्यायला निघाले होते."

मग राजनंदिनी पुढं आली आणि तिनं डबी उचलून मास्तरांच्या हातात दिली.

"बसवा त्या," मार्थाबाई तिच्याकडं बघत मास्तरांना म्हणाल्या. "काळी पाचमधून आता ही म्हणेल. पण आज नाही. आज खालूनच घ्या. त्या पहाटे मागच्या बाकावरून आलेले आवाज मी ऐकले, जे जन्मात कधी ऐकले नव्हते. म्हातारे गात होते. आपण इतकी वर्षं इतक्या वरून गात होतो की त्यांना तोंडच उघडता येत नव्हतं."

शांतवनकाका लाल झाले आणि बाहेर सटकले. मागोमाग आण्णासाहेब आले. ते फाटकापर्यंत गेले, बिरदेवसमोर उभे राहिले आणि महसूल खात्यात शिकवत नाहीत तो शब्द शोधू लागले.

"किल्ली तुझ्याकडंच राहू दे," अखेर ते म्हणाले. "माझं चुकलं."

बिरदेव काही बोलणार होता, पण कोंडाबाईनं त्याला बोलू दिलं नाही. "चुकलं तर चुकलं. नुसतं तोंडानं व्हय? आदी ती टरंक उचला. लई जड हाय."

आण्णासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी शांतवनकाकांनी धरली. दोघं धापा टाकत आवारातून खोलीकडं निघाले, पुढं शेळ्या. चर्चच्या खिडकीतून पेटीनं काळी तीन धरली. अर्ध्या वाटेवर हालेलूया आला, आणि काका गायला लागले. बेसूर, पण मोठ्यानं.

"काका," मागून बोचकं घेऊन येणारी कोंडाबाई म्हणाली, "शेळ्या बुजत्यात."

पण ते थांबले नाहीत. जरा वेळानं ट्रंकेच्या पलीकडच्या टोकाकडूनही एक जाड, न वापरलेला आवाज त्यांच्या गाण्यात मिसळला.